शेजारशाळा

शेजारशाळा म्हणजे एखाद्या वस्तीतील सर्व मुलांना जात, धर्म, भाषा अथवा पालकांची आर्थिक स्थिती यांचा विचार न करता घराजवळ एकत्र शिकता येईल अशी, प्रामुख्याने सार्वजनिक खर्चाने चालणारी शाळा. तिला परिसरशाळा असेही म्हणतात. समान शैक्षणिक संधी प्रत्यक्षात आणण्याचे साधन म्हणून ही संकल्पना भारतात १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाने मांडली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने ‘शेजार’ हा शब्द अंतराच्या अर्थाने स्वीकारला. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेसाठी ही मर्यादा १ किलोमीटर आहे. शाळा मुलाच्या जवळ यावी म्हणून आखलेली हीच मर्यादा २०२४ मध्ये खासगी शाळांना वंचित मुलांच्या प्रवेशातून सूट देण्यासाठी वापरली गेली, आणि तो वाद मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

संज्ञेचे दोन अर्थ

‘शेजारशाळा’ या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित असून त्यांची गल्लत वारंवार होते. पहिला अर्थ भौगोलिक आहे: मुलाला पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा असणे. दुसरा सामाजिक आहे: त्या परिसरात राहणारी सर्व मुले, मग ती व्यापाऱ्याची असोत वा हमालाची, एकाच शाळेत असणे. पहिल्या अर्थाची शाळा उभारणे तुलनेने सोपे असते, कारण त्याला जागा, इमारत आणि शिक्षक पुरतात. दुसऱ्या अर्थाची शाळा केवळ इमारतीने उभी राहत नाही. ऐपत असलेल्या पालकांनी आपली मुले तेथे पाठवावी लागतात, आणि ते न पाठवण्याची मुभा त्यांना असेल तर शाळा घराजवळ असूनही ती फक्त गरिबांची शाळा बनते.

वस्त्याच जातीनुसार वा मिळकतीनुसार विभागलेल्या असतील तर जवळची शाळा विषमता कमी करण्याऐवजी तिचे प्रतिबिंब ठरते. अमेरिकेत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. टोपेका शहरातील एका कृष्णवर्णीय मुलीला घराजवळची गोऱ्यांची शाळा नाकारली जाऊन रेल्वेच्या यार्डातून चालत बसथांब्यापर्यंत जावे लागत असे. या व अशाच इतर दाव्यांवर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पुढे मात्र शाळांचे एकत्रीकरण टाळू पाहणाऱ्यांनीच ‘शेजारची शाळा’ हे तत्त्व पुढे केले, कारण वस्त्या वेगळ्या असल्याने शाळाही आपोआप वेगळ्या राहत होत्या. त्यावर उपाय म्हणून मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्याचे आदेश न्यायालयांनी दिले. याउलट फिनलंडने १९७० च्या दशकात नऊ वर्षांची समान मूलभूत शाळा देशभर लागू केली. तेथे बहुसंख्य मुले घराजवळच्या नगरपालिका शाळेत जातात. त्यामुळे भौगोलिक व सामाजिक अर्थांत फारसे अंतर उरलेले नाही.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

सार्वजनिक पैशाने चालणारी शाळा सर्वांना खुली असावी, ही मागणी महाराष्ट्रात कायद्याच्या बरीच आधीची आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकरी व कष्टकरी वर्गाकडून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, या विसंगतीवर बोट ठेवले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. संधीच्या समानतेचा प्रश्न त्यांनी खर्चाच्या वाटपाचा प्रश्न म्हणून मांडला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आजही चर्चा बहुतेक वेळा तेथेच येऊन थांबते.

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याहून दूरगामी ठरला तो १९१९ चा आदेश. अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांतच प्रवेश द्यावा, असे त्यात होते. वर सांगितलेला दुसरा, सामाजिक अर्थ राज्यकर्त्याच्या आदेशात उतरल्याचे हे मराठी प्रदेशातील महत्त्वाचे उदाहरण होय.

मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ मध्ये संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबरच सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. महाडच्या १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे या ठरावातील पाणवठ्यांचा भाग सर्वांच्या स्मरणात राहिला. शाळांचा भाग तितकासा राहिला नाही.

विदर्भ त्या काळी मुंबई इलाख्यात नव्हता. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, आणि या प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० चा. नागपूरपासून जवळच असलेल्या वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा ठराव तिने केला. नयी तालीम या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या योजनेची चर्चा हस्तोद्योगाच्या अंगाने अधिक होते. परंतु सर्वांसाठी एकच प्रकारची मूलभूत शाळा, हा तिचा गाभा शेजारशाळेच्या कल्पनेशी जुळणारा आहे.

कोठारी आयोग आणि जे. पी. नाईक

राज्यघटनेच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले होते. ही मुदत १९६० मध्ये उलटली. त्यानंतर दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. ऐपत असलेल्यांच्या शुल्क घेणाऱ्या शाळा आणि उरलेल्यांच्या मोफत पण निकृष्ट शाळा, असे दोन प्रवाह समाजाचे विभाजन वाढवतात, असे निदान आयोगाने केले. त्यावर ‘समान शाळा पद्धती’ आणि तिचा पाया म्हणून शेजारशाळा, असा उपाय सुचवला.

आयोगाच्या मांडणीत एक व्यवहारी क्रम होता. सर्व मुलांना एकाच शाळेत या म्हणण्यापूर्वी ती शाळा चांगली हवी. म्हणून वीस वर्षांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम सुचवताना प्रथम सर्व प्राथमिक शाळा किमान दर्जाला आणाव्यात, असे आयोगाने सांगितले. शेजारशाळेत शिकल्याने सुस्थितीतील मुलांनाही सर्वसामान्य जीवनाचा अनुभव मिळेल आणि वजनदार पालकांना सार्वजनिक शाळेच्या सुधारणेत स्वतःचा स्वार्थ दिसू लागेल, ही त्यामागची दोन कारणे होती. यातील दुसरे कारण अधिक निर्णायक मानावे लागेल. ज्यांची तक्रार ऐकली जाते अशा पालकांची मुले ज्या शाळेत नाहीत, त्या शाळेचे गळके छत वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समान शाळा पद्धतीचा स्वीकार करण्यात आला आणि १९८६ च्या धोरणात तिचा पुनरुच्चार झाला. याच दुसऱ्या धोरणातून निवडक गुणवान विद्यार्थ्यांसाठी नवोदय विद्यालये निघाली. शासनाच्या स्वतःच्या शाळांतही त्यामुळे श्रेणी निर्माण झाल्या. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्यातील ताणावर पुस्तक लिहिले. तिन्ही एकाच वेळी साधण्यात भारतीय शिक्षणाला येणारे अपयश हा त्याचा विषय होता.

कायद्यातील ‘शेजार’

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि ६ ते १४ वयोगटातील बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. त्याची अंमलबजावणी करणारा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राचे नियम २०११ चे आहेत. त्यांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणावर आहे. महाराष्ट्रात पूर्वापार पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी रचना होती. त्यामुळे पाचवी व आठवीचे वर्ग कोठे जोडायचे हा प्रश्न राज्यात दीर्घकाळ रेंगाळला, आणि पाचवीसाठी मुलांनी जवळची प्राथमिक शाळा सोडून दूरच्या हायस्कुलात जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू राहिली.

कायद्याने शाळेच्या दर्जाचे काही किमान निकषही घालून दिले. प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक, उच्च प्राथमिक स्तरावर ३५ मुलांमागे एक. वर्षाला अनुक्रमे किमान २०० व २२० कामाचे दिवस. प्रत्येक शिक्षकासाठी एक वर्गखोली. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे. पिण्याचे पाणी आणि अडथळामुक्त प्रवेश. शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावीत, असेही बंधन आहे.

समान संधीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या ठरतात त्या प्रवेशाच्या तरतुदी. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास आणि देणगी घेण्यास मनाई आहे. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे कायदा म्हणतो. यांतील ‘शक्य तेथवर’ हे शब्द सर्वाधिक ताणले गेले आहेत.

कायद्याने शासनाला शेजारी शाळा उभारण्यास बांधले. परंतु शेजारच्या सर्व मुलांनी तेथेच शिकावे, असे त्याने कोठेही म्हटले नाही. कोठारी आयोगाची शेजारशाळा आणि कायद्यातील शेजारशाळा यांत हा मूलभूत फरक आहे. दुसऱ्या, सामाजिक अर्थाची भरपाई म्हणून कायद्यात एकच मर्यादित तरतूद आली: खासगी शाळांतील २५ टक्के जागा.

कळमना : अंतराचा हिशेब

अंतर हा निकष प्रत्यक्ष वस्तीत कसा वागतो, हे समजून घेण्यासाठी नागपूरच्या पूर्व भागातील कळमना हा परिसर उपयोगी पडतो. नागपूर महानगरपालिकेच्या लकडगंज झोनमध्ये मोडणाऱ्या या भागात कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे. संत्री-मोसंबी, मिरची, धान्य, कांदा-बटाटा व भाजीपाला यांची विदर्भातील ही एक प्रमुख बाजारपेठ होय. यार्डाभोवती गोदामे व शीतगृहे आहेत. नागपूरहून हावड्याकडे जाणारा मुख्य रेल्वेमार्ग याच भागातून जातो आणि कळमना नावाचे स्थानकही त्यावर आहे.

अशा ठिकाणी नकाशावरील अंतर आणि मुलाच्या पायांना पडणारे अंतर सारखे नसते. खासगी शाळांतील २५ टक्के जागांसाठी पालकांनी भरायच्या ऑनलाइन अर्जात घराचे स्थान नकाशावर लाल फुग्याने दाखवावे लागते, आणि तेथून शाळेपर्यंतचे हवाई अंतर मोजले जाते. पहिलीतले मूल काही हवेतून शाळेत जात नाही. मध्ये रुळ असले तर फाटक, पूल किंवा बोगदा जेथे असेल तेथून वळसा घ्यावा लागतो. मालमोटारींची वर्दळ असलेला रस्ता ओलांडायचा असला तर मोठे माणूस सोबत लागते. बाजारात काम करणाऱ्या घरांत ते माणूस पहाटेच कामावर गेलेले असते. १ किलोमीटरच्या आत शाळा आहे, ही नोंद अशा वेळी खरी असूनही अपुरी असते.

दुसरा मुद्दा भाषेचा. पूर्व नागपुरात, विशेषतः रेल्वेमार्गालगतच्या डिप्टी सिग्नलसारख्या वस्त्यांत, छत्तीसगडमधून पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या घरांत छत्तीसगढी बोलली जाते, बाहेर हिंदी चालते आणि शेजारची शाळा मराठी माध्यमाची असू शकते. महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालवते; परंतु प्रत्येक माध्यमाची शाळा प्रत्येक वस्तीच्या १ किलोमीटरच्या आत असणे शक्य नसते. छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हिंदी माध्यमही मातृभाषेचे माध्यम नव्हे, ही बाब तर नोंदींत उमटतच नाही. मातृभाषेच्या रकान्यात ‘हिंदी’ लिहिले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो.

तिसरा मुद्दा हंगामाचा. बाजाराचे वेळापत्रक पिकांवर चालते. आंबिया बहाराची संत्री पावसाळा सरता सरता येऊ लागतात, तर मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळेचे वेळापत्रक मात्र विदर्भातील उन्हामुळे जूनच्या अखेरीस सुरू होते. कामाच्या शोधात आलेले कुटुंब वर्षाच्या मध्येच येते किंवा जाते. दाखल्यावाचून प्रवेश देण्याची तरतूद नेमकी अशाच मुलांसाठी आहे. स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी राज्याने शिक्षण हमी कार्डाची पद्धतही आणली. एका शाळेतून निघालेल्या मुलाने ते दाखवताच दुसऱ्या शाळेत त्याला बसता यावे, हा तिचा हेतू. ऊसतोडणीच्या भागांत मूळ गावी हंगामी वसतिगृहे चालवून मुलांना मागे ठेवण्याचा उपाय योजला जातो. शहरी बाजारपेठेतील मजूर मात्र ठरावीक महिन्यांत ठरावीक गावाहून येणारे नसतात, त्यामुळे हा उपाय त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

हमालांच्या कामाचे नियमन करण्यासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. नोंदीत असलेल्या हमालाची ओळख, मजुरी व कल्याणनिधी यांची काही व्यवस्था त्यामुळे लागते. रोजंदारीवर पाखडणे, निवडणे, पोती शिवणे अशी कामे करणाऱ्या, नोंदीबाहेर राहिलेल्या स्त्रियांच्या मुलांची गोष्ट वेगळी. आईबरोबर कामाच्या ठिकाणी येणारे किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल पटावर असते, वर्गात नसते.

पंचवीस टक्के जागा

अधिनियमाच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यावयाच्या असतात. शासन प्रति विद्यार्थी स्वतःचा खर्च किंवा शाळेचे शुल्क यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला परत करते. महाराष्ट्रात अनेक वर्षे ही रक्कम १७,६७० रुपये होती, आणि ती वेळेवर मिळत नसल्याची संस्थाचालकांची तक्रार जवळजवळ दरवर्षी ऐकू येते. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आदी वंचित गटांना ती लागू नाही. प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात.

सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ही तरतूद वैध ठरवली. अनुदान न घेणाऱ्या अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून वगळले. २०१४ मध्ये प्रमाती खटल्यात संपूर्ण अधिनियमच सर्व अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचा निर्णय झाला. या निर्णयाचा फेरविचार व्हावा, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची शिफारस केली.

जागांना मागणी किती आहे, हे २०२३-२४ च्या आकड्यांतून दिसते: राज्यात सुमारे १ लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले. अर्ज करण्यासाठी निवासाचा पुरावा लागतो, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. नकाशावर फुगा खोट्या ठिकाणी लावून अंतर कमी दाखवण्याचे प्रकार झाल्याने पुराव्यांची ही कडक तपासणी आली, हे खरे. पण तिचा फटका बसतो तो खोलीमालक कधीच करार करून देत नाही अशा भाडेकरूला, म्हणजे ज्याच्यासाठी ही जागा राखलेली आहे त्यालाच.

२०२४ ची नियमदुरुस्ती

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने २०११ च्या नियमांत दुरुस्ती केली. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या परिघात शासकीय अथवा अनुदानित शाळा असेल, तिला २५ टक्के प्रवेशांतून वगळण्यात आले. शेजारी सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यावेत, हा त्यामागचा युक्तिवाद. कर्नाटकाने आधी असाच नियम केला होता आणि तेथील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो मान्यही केला होता. महाराष्ट्रातील शहरांत १ किलोमीटरच्या आत एकही सरकारी वा अनुदानित शाळा नाही अशा जागा मोजक्याच, त्यामुळे सूट हाच नियम झाला असता. नव्या पद्धतीत सरकारी व अनुदानित शाळांतील जागा धरून उपलब्ध जागांची कागदावरील संख्या कित्येक पटींनी वाढली. पालकांचे अर्ज मात्र घटले, कारण त्या शाळांत प्रवेशासाठी सोडतीची गरजच नव्हती.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि प्रवेशप्रक्रिया जुन्या पद्धतीने नव्याने सुरू झाली. १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या पीठाने दुरुस्ती रद्द केली. खासगी शाळेवरील २५ टक्क्यांचे बंधन कायद्याने घातले आहे, ते जवळ दुसरी शाळा आहे की नाही यावर अवलंबून नाही, आणि कायद्याखाली केलेला नियम कायद्यालाच छेद देऊ शकत नाही, असे निकालाचे सूत्र होते. दरम्यानच्या काळात काही शाळांनी त्या जागांवर इतर मुलांना प्रवेश दिले होते. ते न हलवता, गरज पडल्यास जागा वाढवून २५ टक्क्यांचा वाटा भरावा, असे न्यायालयाने सांगितले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या वादात शासनाची बाजू सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येत नाही. सार्वजनिक पैसा खासगी शाळांकडे वळवल्याने सार्वजनिक शाळा आणखी दुबळ्या होतात, हा आक्षेप समान शाळा पद्धतीचे पुरस्कर्तेही घेत आले आहेत. मात्र कोठारी आयोगाने त्याबरोबर सरकारी शाळा आधी चांगली करण्याची अट घातली होती. २०२४ च्या दुरुस्तीत पैसा वाचवण्याची सोय होती. वाचलेला पैसा शेजारच्या शाळेवर खर्च करण्याचे बंधन नव्हते.

२५ टक्क्यांच्या तरतुदीला वयाचीही मर्यादा आहे. आठवी संपली की मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. आठ वर्षे इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत शिकलेल्या मुलाला नववीत त्याच शाळेचे पूर्ण शुल्क भरावे लागते किंवा शाळा, आणि पुष्कळदा माध्यमही, बदलावे लागते. घर १ लाखाच्या उत्पन्नमर्यादेतले असेल तर यांतला कोणता पर्याय निवडला जाईल, हे सांगायला नको.

पटसंख्येचा प्रश्न

ऐपतीचे पालक बाहेर पडले की सार्वजनिक शाळेचा पट उतरतो, आणि पट उतरला की शाळाच टिकवणे परवडत नाही असे म्हटले जाते. महाराष्ट्रात २०१७ च्या अखेरीस दहा वा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यानंतर वीसहून कमी पटाच्या शाळांचे समूहशाळांत एकत्रीकरण करण्याचा विचार पुढे आला. ग्रामीण व डोंगराळ भागांतून त्याला विरोध झाला. गावातली शाळा गेली तर सर्वांत आधी मुलींचे शिक्षण थांबते, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे, निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतील पदांचा प्रश्न अधिक तीव्र झाला.

शहरांत या प्रश्नाचे रूप निराळे आहे. नागपूर महानगरपालिकेच्या मराठी व हिंदी माध्यमांच्या शाळांचा पट गेल्या काही दशकांत घटत गेला. वस्तीत मुले नाहीत म्हणून हे झाले नाही; वस्तीतली मुले इंग्रजी माध्यमाच्या स्वस्त खासगी शाळांकडे गेली. त्याला उत्तर म्हणून महानगरपालिकेने आकांक्षा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने इंग्रजी माध्यमाच्या मोफत शाळा सुरू केल्या. पालकांचा त्यांना चांगला प्रतिसाद मिळाला. एकाच महानगरपालिकेच्या दोन शाळांत, एक संस्थेच्या मदतीने चालणारी आणि दुसरी जुनी, असा नवा भेद त्यातून पडू शकतो.

संचमान्यतेसाठी आता आधार क्रमांक पडताळणी झालेले विद्यार्थीच विचारात घेतले जातात. नावातील एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा मेळ बसला नाही, तरी मूल वर्गात असून हिशेबात नसते. कळमन्यासारख्या बाजारपेठेच्या परिसरात, जेथे कुटुंबे दुसऱ्या राज्यातून येतात आणि कागदपत्रे गावी राहिलेली असतात, तेथे अशी मुले अधिक असण्याचा संभव असतो. शिक्षकांच्या पदांसाठी पट ३० सप्टेंबरच्या सुमारास निश्चित होतो. त्यानंतर आलेल्या मुलाला कायद्याने प्रवेश द्यावाच लागतो. त्याच्यासाठी शिक्षकाचे पद मात्र पुढच्या वर्षीच मोजले जाते, आणि तोवर ते कुटुंब कोठे असेल ते बाजारावर अवलंबून राहते.